भरून घ्यायचं की बदलायचं?

इंजिनचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, खोलून टेबलावर उलटं ठेवलं की बहुतेकांची नजर आधी कंबशन चेंबरकडे जाते. तिथली काजळी, व्हॉल्व्हच्या चकत्या, प्लगची भोकं. माझी नजर पाण्याच्या भोकांकडे जाते. नोकरीची सगळी वर्षं फाउंड्रीच्या तपासणी विभागात गेली. ॲल्युमिनियमचं कास्टिंग कुठून खचायला लागतं हे डोळ्यांना आता सांगावं लागत नाही.

आमच्या पद्मिनी गाडीचं हेड नाना पेठेतल्या रिबोअरिंगवाल्या काकांच्या टेबलावर पडलं होतं. मागच्या बाजूच्या, म्हणजे चौथ्या सिलिंडरजवळच्या दोन भोकांना कडाच उरल्या नव्हत्या. गोल भोक असायला हवं तिथे कुरतडलेला, वेडावाकडा खळगा, आणि खळग्यात पांढरी पूड. नखाने खरवडली की निघून येते आणि खाली राखाडी, भुसभुशीत धातू दिसतो. काकांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्यात दाबलं तर ते आत रुतलं. त्यांनी टोक फडक्याला पुसलं आणि म्हणाले, "ताई, हे टाका आता. भरून देणारे देतील भरून, पण गॅरंटी मी घेणार नाही."

काकांचा शब्द मी हलक्यात घेत नाही. पुण्यात अशा माणसांची एक अख्खी पिढी होऊन गेली. खडकीत १९४६ साली किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना उभा राहिला, पुढे आकुर्डीला बजाज आली, पिंपरीला टेल्को आली, आणि या कारखान्यांच्या भोवती लेथ, मिलिंग, ग्राइंडिंगची हजारो हातांची विद्या साठत गेली. औंधच्या आयटीआयमधून टर्नर किंवा फिटरचा ट्रेड करायचा, कंपनीत अप्रेंटिस म्हणून लागायचं, आणि जमलं तर पुढे स्वतःची एक-दोन मशिनं टाकायची. काका त्याच वाटेने आले. त्यांच्या दुकानात अजूनही व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या सीटचं कटिंग होतं, गाईड ठोकून बसवले जातात, बोअर मारला जातो. शेजारची दोन दुकानं आता नुसते पार्ट विकतात.

तरीही मी लगेच हो म्हटलं नाही. हेड खाल्लंय हे दिसतच होतं, त्यावर वाद नव्हता. ते कुठे खाल्लंय, किती खोल खाल्लंय आणि खाली उरलेला धातू कसा आहे, हे तिन्ही प्रश्न मात्र बाकी होते. त्यांची उत्तरं न घेता "टाका" म्हणणं आणि तशीच "भरून घ्या" म्हणणं, दोन्ही मला सारखंच घाईचं वाटतं.

आधी ते खाल्लं का गेलं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

पद्मिनी म्हणजे मूळची फियाट ११००. इंजिन १०८९ सीसीचं. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, रेडिएटर तांब्या-पितळेचा. तीन वेगवेगळे धातू, आणि तिघांतून फिरणारं पाणी एकच. ॲल्युमिनियम खरं तर स्वतःची काळजी घेणारा धातू आहे. हवा लागताक्षणी त्याच्या अंगावर ऑक्साइडचा जेमतेम काही नॅनोमीटरचा थर धरतो, आणि तो शाबूत आहे तोवर खालच्या धातूला काही होत नाही. पाण्यात क्लोराइड असली की हा थर जागोजागी फुटतो. पाणी फार आम्लधर्मी झालं तरी तो विरघळतो, फार अल्कली झालं तरी विरघळतो. त्यात रेडिएटरमधून सुटलेलं तांबं, अगदी नगण्य का असेना, फिरत फिरत ॲल्युमिनियमवर येऊन बसतं. त्या एवढ्याशा ठिपक्याभोवती विद्युत-रासायनिक घट तयार होतो. त्यात तांबं शाबूत राहतं आणि ॲल्युमिनियम झिजतं. म्हणून हेडवर बिडासारखा सगळीकडे सारखा गंज चढत नाही. खड्डे पडतात, आणि खड्डा एकदा पडला की आतल्या आत खोल जात राहतो.

सर्वांत वाईट जागा हेड आणि ब्लॉकच्या सांध्यात बसणाऱ्या गॅस्केटच्या कडेखालची. तिथल्या फटीत पाणी शिरतं पण फिरत नाही. प्राणवायू संपतो, क्षार साठतात, आणि त्या अंधाऱ्या फटीत धातू बाहेरच्यापेक्षा किती तरी जलद जातो. चालती गाडी या बाबतीत उभ्या गाडीपेक्षा बरी. आमची उभी होती.

अण्णा, म्हणजे माझे सासरे, होते तोवर गाडी रोज निघायची. १९८४ साली त्यांनी ती घेतली तेव्हा आमच्या ओळखीत कोणी कूलंट वापरत नव्हतं. अण्णा नळाचं पाणी भरायचे आणि त्यात थोडं सोल्युबल ऑइल टाकायचे, लेथवर कटिंगला वापरतात तेच दुधाळ ऑइल. त्याने गंज अडायचा. रबरी होज मात्र लवकर फुगायचे, ते ते बदलत राहायचे. दर दिवाळीआधी पाणी काढून नवं भरल्याची नोंद त्यांच्या वहीत आहे. खडकवासल्याचं नळाचं पाणी मऊ असल्यामुळे तेही निभलं. अण्णा गेल्यानंतर गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये राहिली. पार्किंगमधल्या नळाला बोअरचं पाणी आहे. बेसॉल्टच्या भेगांतून उपसलेलं ते जड पाणी. बादलीत ठेवलं तरी कडेला पांढरी रेघ उमटते. कमी झालं की तेच त्यात पडत गेलं, आणि गाडी हलत नसल्यामुळे ते जागच्या जागी मुरलं.

हे कळल्याशिवाय हेडचा निर्णय घेण्यात अर्थ नाही असं माझं ठाम मत आहे. कारण भरलेलं हेड बसवा नाहीतर कोरं बसवा, त्यातून फिरणारं पाणी तेच राहिलं तर काही वर्षांनी टेबलावर हाच खळगा पुन्हा दिसेल.

आता जागेचा प्रश्न. हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये जे गॅस्केट असतं, त्यात प्रत्येक सिलिंडरभोवती धातूची एक रिंग असते. मेकॅनिक तिला फायर रिंग म्हणतात. सगळा भार तिच्यावर. पेट्रोल इंजिनात पूर्ण थ्रॉटलला स्फोटाचा दाब चाळीस-पन्नास बारपर्यंत चढतो, आणि तो दाब ही बारीक रिंग अडवते. पाण्याच्या भोकाभोवती गॅस्केटला जो दाब अडवायचा असतो तो एक बारदेखील नसतो. म्हणजे हेडच्या एकाच पृष्ठभागावर, एकमेकींपासून काही मिलिमीटरवर, दोन अगदी वेगळ्या जबाबदाऱ्या असतात. पाण्याच्या भोकाची कड थोडी खाल्ली गेली आणि तिच्यापलीकडे गॅस्केट बसायला चांगला धातू शिल्लक असला, तर खड्डा कितीही कुरूप दिसो, त्याने फारसं बिघडत नाही. खड्डा फायर रिंगखाली पोचला की मात्र गॅस पाण्यात जातो, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, पाणी उडतं, गाडी गरम होते, आणि गरम झालेलं हेड वाकतं. एका खड्ड्याची बारा दुखणी होतात.

म्हणून मी काकांकडून जुनं गॅस्केट मागून घेतलं. ते हेडवर नेमकं ठेवलं, बोल्टच्या भोकांतून जुळवलं आणि फायर रिंगच्या कडेने स्क्रायबरने रेघ ओढली. गॅस्केट उचललं तेव्हा उत्तर समोर होतं. एक खड्डा रेघेच्या अलीकडे थांबला होता. दुसरा रेघ ओलांडून आत गेला होता, साधारण नखाएवढा.

काका वाकून बघत होते. "तेच म्हणतोय मी," एवढंच म्हणाले.

फेसिंग करून भागणार नव्हतं, हे इथेच ठरलं. दोन मिलिमीटरपेक्षा खोल खड्डा फेसिंगने काढायचा म्हणजे अख्ख्या हेडवरून तेवढा धातू उतरवायचा. या इंजिनचा एकेक सिलिंडर २७२ सीसीचा आहे. अर्धा मिलिमीटर जरी काढला तरी प्रत्येक चेंबरमधली फार तर पावणेदोन सीसी जागा जाते, तिथवर ठीक. दोन मिलिमीटर म्हणजे कॉम्प्रेशन भलतंच वाढणार, इंजिन नॉक करायला लागणार. पुशरॉडचं, म्हणजे खालून दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडणारं इंजिन, त्यामुळे रॉकरचा कोनही बिघडणार. आणि अण्णांच्या वहीनुसार एकदा फेसिंग झालेलंच होतं. हाइट गेजवर चारही कोपरे मोजले. मॅन्युअलमधल्या उंचीपेक्षा पाव मिलिमीटर कमी भरलं, चारी बाजूंनी सारखं. वही आणि गेज एकच सांगत होते, याने मला बरं वाटलं. इतक्या जुन्या गाडीची नोंद अशी जुळणं ही नशिबाची गोष्ट आहे.

राहिले दोन रस्ते. आर्गॉनने, म्हणजे आर्गॉन वायूच्या आडोशात वेल्डिंग करून खड्डे भरून घ्यायचे, किंवा दुसरं हेड शोधायचं.

दुसरं हेड म्हणजे जुनंच. ही गाडी बनणं बंद होऊन दोन दशकांहून जास्त काळ गेला. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी होत्या तोवर त्यांच्या मोडीतून पुण्यालाही माल यायचा. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये शेवटची टॅक्सीही रस्त्यावरून गेली. रविवारी मी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेले. हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. गिअरची दातेरी चाकं, पितळी नळ, तुटक्या सायकली आणि पंख्यांच्या मोटारींच्या मधून वाट काढत फियाटचं सामान ठेवणाऱ्या एकाकडे पोचले. त्याच्याकडे दोन हेड होती.

पहिलं लखलखीत होतं. "एकदम चकाचक आहे बघा मॅडम, काही करायचं नाही, उचला आणि बसवा."

त्या चकाकीनेच मी सावध झाले. इतकी वर्षं पाण्यात आणि आगीत राहिलेल्या हेडचा पृष्ठभाग नवा कोरा दिसतो, तेव्हा तो कोणी तरी नुकताच कापलेला असतो. किती कापला ते पाहायला तिथे हाइट गेज नव्हता. पण कंबशन चेंबरची खोली डोळ्यांना कळते. व्हॉल्व्ह सीटपासून हेडच्या पृष्ठभागापर्यंत जी भिंत उतरते, ती या हेडमध्ये अगदी बुटकी झाली होती. व्हर्नियर पर्समध्ये होता, त्याचं मागचं खोलीचं टोक आत टाकून मोजलं. आमच्या हेडपेक्षा दीड मिलिमीटरने उथळ. म्हणजे त्याचेही खड्डे कोणी तरी कापून कापून घालवले होते, आणि कापण्यासारखा धातू आता उरला नव्हता. त्या भोकांच्या आत बोट घातलं तर खरखर लागली. वरून कापलेला गंज आत होताच.

दुसरं घाणेरडं, तेलकट, काळं. मला ते जास्त आवडलं. निदान काही लपवत नव्हतं. पण तिसऱ्या सिलिंडरच्या दोन सीटांच्या मधल्या धातूच्या अरुंद पट्टीवर, म्हणजे पुलावर, केसभर रेघ होती. ती काजळीतली ओरखड असेल असं मला वाटायला हवं होतं, म्हणून मी ती पेट्रोलने पुसली. पेट्रोल उडून गेलं आणि रेघ ओली राहिली. चीर होती.

दोन्ही ठेवून परत आले. जुन्या बाजारातलं हेड घेणं म्हणजे आपल्या ओळखीच्या गंजाच्या जागी दुसऱ्याचा अनोळखी गंज घेणं. त्यात कधी सोनं लागतंही. पण ते पारखायला जी परीक्षा करावी लागते तीच आपल्या हेडची केली तर अनेकदा आपलंच हेड बरं निघतं.

इथे थोडं थांबून दुसऱ्या एका हेडबद्दल सांगायलाच हवं, नाहीतर वाटेल की मी दुरुस्तीच्याच बाजूची आहे. आमच्या शेजारी एक दादा राहतात, त्यांची टूरिस्ट परवान्याची डिझेल गाडी आहे. गेल्या उन्हाळ्यात कात्रजच्या घाटात गाडी हीट झाली, गॅस्केट उडालं. हेड उतरवलं तर पाण्याच्या भोकांभोवती तसेच खड्डे. वहिनींनी मला बोलावलं. दादांना आर्गॉन स्वस्त पडत होतं, आणि माझ्याकडून त्यांना "भरून घ्या" हे ऐकायचं होतं.

मी त्यांना नवीन हेड घ्यायला सांगितलं. आजच्या डिझेल इंजिनात सिलिंडरमधला दाब दीडशे बारच्या पुढे जातो. तिथे फायर रिंगखाली वेल्डिंगचा ठिगळ ठेवणं मला पटत नाही. एका सिलिंडरला चार-चार व्हॉल्व्ह, त्यामुळे मधले पूल बारीक. तिथे उष्णता दिली की सीटा सैल पडतात. कॅमशाफ्ट हेडमध्येच बसते, म्हणजे हेड वाकलं असेल तर खालून फेसिंग करून वरच्या बेअरिंगांची रेषा सरळ होत नाही. आणि ती गाडी खूप गरम झाली होती. उष्णता-संस्कार केलेलं ॲल्युमिनियम प्रमाणाबाहेर तापलं की कायमचं मऊ पडतं. थंड झाल्यावर दिसायला तसंच, पण गॅस्केटखाली दबत जातं. कडकपणा तपासून घेतला. दहा मिलिमीटरची गोळी पाचशे किलोच्या भाराने दाबायची आणि पडलेल्या खळग्याचा व्यास मोजायचा, ही ब्रिनेलची जुनी रीत. घाटात गाडी ज्या सिलिंडरवर तापली होती त्याच्या बाजूचा खळगा दुसऱ्या टोकाच्या खळग्यापेक्षा उघड्या डोळ्यांनी मोठा दिसत होता. तेवढं पुरे होतं. शिवाय त्या गाडीचं नवं हेड बाजारात मिळतं, आणि गाडी उभी राहिली की दादांच्या घरात येणारा पैसा थांबतो. परत उघडावं लागण्याची शक्यता त्यांच्यासाठी आमच्यापेक्षा कितीतरी महाग होती. त्यांनी हप्ता पाडून नवीन घेतलं. मला ते योग्य वाटलं आणि आजही वाटतं.

जुनं हेड दादा घरी आणून ठेवणार होते, मी त्यांना भंगारात द्यायला लावलं. ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरायला, खनिजातून नवं काढायच्या मानाने जेमतेम पाच टक्के ऊर्जा लागते. फाउंड्रीत मी अशी किती तरी हेड भट्टीत जाताना पाहिली आहेत. ती कोणत्या ना कोणत्या घराच्या गाडीत पुन्हा येतात. वस्तू टाकताना माझा जीव तुटतो, पण हेडच्या बाबतीत तो कमी तुटतो त्याचं हे कारण.

पद्मिनीचा हिशोब मात्र वेगळा निघाला. काकांच्या दुकानातच डाय-पेनेट्रंट मारलं: लाल रंग फवारायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा, पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर. चीर असली तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. सीटांच्या मधले चारही पूल कोरे राहिले. कडकपणा चारही सिलिंडरजवळ सारखा भरला. म्हणजे गाडी कधी भयंकर तापलेली नव्हती. स्ट्रेट एज ठेवून खाली फिलर गेज सरकवला तर वाकही नगण्य. चेंबरच्या भिंतीला भरपूर मांस होतं. थोडक्यात, दोन कोपरे सोडले तर हेड ठणठणीत होतं. हे ऐकून काकांनी डोकं हलवलं, पण आता ते "टाका" म्हणाले नाहीत. म्हणाले, "भोसरीला एक जण आहे. आर्गॉनमध्ये त्याच्यासारखा हात नाही. त्याने हो म्हटलं तरच."

"त्याने हो म्हटलं तरच" हे मला फार मोलाचं वाटलं. ज्याला भरता येतं तोच हे भरण्यासारखं नाही असं सांगू शकतो. अलीकडे ज्या वर्कशॉपमध्ये जावं तिथे अख्खी असेंब्ली बदलायची पद्धत आहे, आणि त्यांचंही काही चुकत नाही. वॉरंटी द्यायची, वेळेत गाडी सोडायची, तर दुसरं काय करणार? पण "बदला" हा एकच शब्द ज्याच्याकडे आहे त्याचा "बदला" हा सल्ला राहत नाही. पुण्यात दोन्ही शब्द असलेली माणसं अजून आहेत, आणि ती कमी होत चालली आहेत याचं मला मनापासून वाईट वाटतं. काकांचा मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे, चांगला आहे. दुकान पुढे कोण चालवणार ते काका बोलत नाहीत.

भोसरीच्या दादांनी हेड हातात घेऊन आधी वास घेतला. खड्ड्यात तेल मुरलं असेल तर वेल्डिंग करताना ते जळतं आणि भरावात जाळी पडते. मग त्यांनी हेड डिग्रीजरमध्ये टाकलं, धुतलं, तापवलं, पुन्हा धुतलं. त्यानंतर कार्बाइडचा बर लावून खड्डा कोरायला घेतला. किडलेल्या दाढेत सिमेंट भरण्याआधी डॉक्टर कीड पूर्ण काढतो, तसंच हे काम. राखाडी धातू निघत गेला, खड्डा मूळच्यापेक्षा दुप्पट मोठा झाला, आणि मला बघवेना. दादा मात्र शांत. सगळीकडून पांढरा, चमकता धातू लागला तेव्हाच थांबले.

मग हेड भट्टीवर तापवायला ठेवलं. गार हेडवर आर्क मारला तर जाडजूड कास्टिंग सगळी उष्णता ओढून घेतं, भराव नीट मिसळत नाही आणि थंड होताना चिरतो. म्हणून दीडशे-दोनशे अंशांपर्यंत आधी सगळं तापवायचं. लोखंड तापलं की लाल होतं, माणसाला कळतं. ॲल्युमिनियम रंग बदलत नाही. जसंच्या तसं दिसत राहतं आणि एकदम बसतं. दादांनी टेंपरेचर गन लावली, पण त्याआधी बोटाने पाण्याचा थेंब टाकून बघितला. थेंब पसरून चरचरला. "अजून थोडं," म्हणाले. पुढच्या वेळी थेंब टुणकन उडाला, तेव्हा त्यांनी गनकडे पाहिलं. गन आणि थेंब यांचं एकमत झालं होतं.

आर्गॉनचं वेल्डिंग ॲल्युमिनियमवर करताना एसी करंट लागतो, कारण वरचा ऑक्साइडचा थर दोन हजार अंशांच्याही पुढे वितळतो आणि खालचा धातू सहाशे साठच्या अलीकडेच. थर न फोडता तापवत राहिलं तर आत सगळं पातळ होतं आणि वर कातडी तशीच. एसीच्या अर्ध्या फेऱ्यात आर्क तो थर उडवतो, उरलेल्या अर्ध्यात धातू वितळवतो. काचेतून बघताना ते दिसतं: मळकट ठिपका एकाएकी चकाकतो, त्याभोवती पांढरी कड येते, आणि त्या चकाकीत दादा सिलिकॉनवाली रॉड टोचतात. टोच, थांब, टोच, थांब. पायाखालच्या पेडलवर करंट कमी-जास्त. फायर रिंगच्या रेघेजवळ त्यांनी सर्वांत जास्त वेळ घेतला. दोन्ही कोपरे पृष्ठभागापेक्षा वर येईपर्यंत भरले, आणि हेड लगेच राखेत पुरून ठेवलं, सावकाश गार व्हायला. दुसऱ्या दिवशी या म्हणाले.

वेल्डिंगच्या भोवतीचा धातू थोडा मऊ पडतो, हे मला ठाऊक आहे. या इंजिनाच्या दाबाला तो पुरेल असा माझा अंदाज आहे, आणि तो अंदाज मी धातूशास्त्र शिकलेली म्हणून करते, अण्णांची सून म्हणून नाही. गाडीवर जीव आहे म्हणून हेड वाचवायचं, हे मला कधीच पटलेलं नाही. हेड वाचण्यासारखं होतं म्हणून वाचवलं. जीव आहे म्हणून इतकी तपासणी करायचा धीर राहिला, एवढंच जिवाचं काम.

फेसिंग काकांनी केलं. पहिल्या कटला कटर फक्त भरावांना लागला, दुसऱ्याला सगळ्या पृष्ठभागाला पुसटसा स्पर्श झाला, आणि काकांनी मशीन थांबवलं. भरावात एकही छिद्र नव्हतं. काका बराच वेळ त्यावर अंगठा फिरवत राहिले. मग भोकं प्लेट आणि रबर लावून बंद केली, हवा भरली आणि हेड गरम पाण्याच्या टाकीत सोडलं. गरमच लागतं, काही चिरा धातू फुगल्यावरच तोंड उघडतात. आम्ही टाकीवर वाकून उभे. सुरुवातीला पृष्ठभागाला चिकटलेली हवा सुटली, बारीक बुडबुडे आले आणि संपले. त्यानंतर काही नाही. काकांनी तरी दाब वाढवला. तरी काही नाही.

गॅस्केट नवं, बोल्ट मधून बाहेर ठरलेल्या क्रमाने टॉर्क रेंचवर. पहिल्यांदा तापून गार झाल्यावर काकांनी पुन्हा सगळे बोल्ट तपासले. या जुन्या गॅस्केटना ते लागतंच. खर्च आर्गॉन, फेसिंग, टेस्टिंग आणि सीट मिळून जुन्या बाजारातल्या चकाचक हेडपेक्षा जास्तच झाला. हे लिहून ठेवते, कारण दुरुस्ती नेहमी स्वस्त पडते अशी समजूत असते.

इंजिन सुरू करण्याआधी ब्लॉकमधून इतका गाळ निघाला की पाणी स्वच्छ यायला दुपार गेली. रेडिएटर खालून वर उलटा फ्लश केला. आता आत कूलंट आणि डीएम वॉटर, म्हणजे क्षार काढलेलं पाणी, निम्मं-निम्मं आहे, आणि पार्किंगमधल्या नळावर मी पाटी लावली आहे की हे पाणी गाडीत घालू नये. सोसायटीत ती सगळ्या गाड्यांनी मनावर घ्यावी अशी माझी इच्छा आहे. संगम पुलाजवळच्या आरटीओत नोंदणीचं पाच वर्षांचं नूतनीकरण जवळ आलंय, तेव्हा फिटनेसला जाताना गाडी स्वतःच्या पायावर जाईल.

रेडिएटरचं मात्र ठरत नाहीये. लेकाचं म्हणणं, तांब्याचा काढून ॲल्युमिनियमचा बसवू, म्हणजे भांडणारा एक धातू कमी. त्याचं चुकत नाही. पण ब्लॉक बिडाचा आहे तो तसाच राहणार, आणि चांगल्या कूलंटमध्ये तिन्ही धातू नीट नांदतात, फक्त ते वेळेवर बदललं पाहिजे. तोवर मी मल्टिमीटर लावून बघते: इंजिन बंद आणि गार असताना एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं रेडिएटरमधल्या कूलंटमध्ये, कडेला न टेकवता. काटा ०.३ व्होल्टच्या वर गेला तर कूलंट दमलं, काढून टाकायचं. परवा ०.०८ आला. दिवाळीआधी पुन्हा बघेन, आणि अण्णांच्याच वहीत पुढच्या ओळीवर लिहीन.